कॉफीच्या गावाला जाताय? मग पॉइंट जरा कमी करा

चिकमगळूरला जाऊन आलेल्या आपल्या मंडळींचे अल्बम बघितले की माझी चिडचिड होते. मुळ्ळय्यनगिरी, झरी धबधबा, हेब्बे धबधबा, बाबाबुडनगिरी, संपलं. शनिवारी पहाटे पोचायचं, जीप ठरवायची, रविवारी रात्री परतीची गाडी. या ठिकाणांच्या मधे जो अख्खा डोंगर कॉफीखाली आहे, त्याचा एक फोटो नसतो. माझं मत विचाराल तर त्या भागात निसर्ग म्हणून सगळ्यात निवांत बघावी अशी जागा कॉफीची बागच आहे. तिला पाटी नाही आणि तिकीट नाही, म्हणून कुणी थांबत नाही.

मुळ्ळय्यनगिरीला जाऊ नका असं म्हणत नाहीये. १,९३० मीटर उंची, कर्नाटकातलं सगळ्यात उंच शिखर, वर मोकळे गवताळ माथे आणि डोंगराच्या घळींमध्ये दाटून बसलेली शोला, म्हणजे बुटकी सदाहरित जंगलं. पावसाचं पाणी ही गवतं आणि शोला धरून ठेवतात, मग सावकाश खाली सोडतात. याच रांगेत उगम पावणाऱ्या वेदा आणि अवती या नद्या पुढे एकत्र येऊन वेदावती होतात. पण सुट्टीच्या दिवशी वर जाऊन बघा. शिखर कमी आणि गाड्यांचे टेललाइट जास्त दिसतात.

बाबाबुडनगिरीचं आपल्याकडच्या दत्तभक्तांना वेगळं सांगायला नको. तिथल्या स्थानाच्या नावात दत्तात्रेय आणि सूफी संत बाबा बुडन दोघंही आहेत. सतराव्या शतकात हज यात्रेहून येताना बाबा बुडन यांनी येमेनच्या मोखा बंदरातून कॉफीचे सात दाणे लपवून आणले आणि या डोंगरात लावले, असं सांगतात. उगवणारं बी बाहेर जाऊ द्यायचं नाही असा अरब व्यापाऱ्यांचा कडक दंडक होता, म्हणून लपवाछपवी. भारतातल्या कॉफीची सुरुवात म्हणजे ही चोरी! लोक तिथपर्यंत जातात, दर्शन घेतात, आणि उतरताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लालचुटूक फळांनी वाकलेली झाडं असतात तिकडे मान वळवत नाहीत.

आता बागेत या. पहिल्यांदा वर बघा. आपल्याकडची कॉफी बहुतेक सगळी सावलीत वाढते. उंच झाडं, त्यांच्या खोडांवर चढलेले मिरीचे वेल आणि खाली कमरेइतकी छाटलेली अरेबिका जातीची कॉफी. ही सावली हौसेखातर ठेवलेली नसते. उघड्या उन्हातल्या अरेबिकाला खोडकिडा जास्त धरतो आणि एकदा तो खोडात शिरला की झाड उपटून जाळण्यावाचून गत्यंतर नसतं. म्हणून शेतकरी सावली राखतो, आणि त्या सावलीच्या आधाराने धनेश, शीळकरी कस्तूर आणि आपलं शेकरू राहतं. एक बारकावा मात्र बघाच. वरची झाडं नाना जातींची आहेत की एकजात सिल्व्हर ओक? सिल्व्हर ओक मूळचा ऑस्ट्रेलियाचा. सरळसोट आणि झपाट्याने वाढतो, मिरीला चालतो, लाकूडही विकता येतं. शेतकऱ्याचा हिशोब मला कळतो, पण जुन्या फणस-उंबरांच्या सावलीतला किलबिलाट त्या रांगांमध्ये नसतो.

अरेबिकाची तोडणी साधारण नोव्हेंबर ते जानेवारी. सगळी फळं एकदम पिकत नाहीत, त्यामुळे त्याच झाडाकडे पुन्हा पुन्हा यावं लागतं, आणि पिकलेलं तेवढंच हाताने खुडायचं. हे काम करणाऱ्यांत उत्तर कर्नाटकातून, अगदी आसामातून आलेली कुटुंबं असतात. त्यांच्या वस्तीला तिकडे ‘लाइन’ म्हणतात. होमस्टेच्या जाहिरातीत ती कधीच दिसत नाही. संध्याकाळी मापं होतात, मग फळं पल्परमध्ये, म्हणजे साल काढायच्या यंत्रात. साल निघालेले चिकट दाणे आंबवून, धुऊन अंगणात वाळत टाकतात. पाच-सहा किलो फळांमागे जेमतेम किलोभर हिरवी, म्हणजे न भाजलेली कॉफी हाती येते. त्यातली बरीचशी परदेशी जाते, सगळ्यात मोठं गिऱ्हाईक इटली.

हे सगळं ज्याच्या घरी उतरतो तो माणूस आनंदाने दाखवतो. विचारावं लागतं एवढंच. आपण त्याला विचारतो काय? ‘कॅम्पफायर आहे का, स्पीकर लावला तर चालेल का.’ बागेतली कच्ची फळं फोटोसाठी ओरबाडून रस्त्यावर फेकणाऱ्यांबद्दल लिहायला लागलो तर भाषा बिघडेल.

धबधबे बघायचेच असतील तर पावसाळ्यात जा, जळवांची तयारी ठेवून. पण जमलं तर एकदा मार्च-एप्रिलमध्ये जा. वळवाचा एक चांगला पाऊस झाला की आठ-दहा दिवसांत सगळी बाग एकदम पांढरी फुलते आणि मोगऱ्यासारखा वास सुटतो. हा बहर तीन-चार दिवसच टिकतो, त्यामुळे आगाऊ बुकिंगचा उपयोग नाही. ओळखीच्या होमस्टेवाल्याला सांगून ठेवा, पाऊस पडल्याचा फोन आला की रजा टाका.