आठवणींचं वजन २३ किलो

दुकानदाराचं शेवटचं वाक्य जगात कुठेही गेलात तरी एकच असतं : “पॅकिंग एकदम मजबूत करून देतो, काळजीच नको.” हे ऐकलं की मी काळजी करायला लागतो. मजबूत पॅकिंग म्हणजे वर्तमानपत्राची दीड पानं, त्यावर चिकटपट्टीचे अकरा वेढे आणि वरून एक पातळ पिशवी. वस्तू दुकानाचा उंबरठा धडपणे ओलांडेल, एवढीच त्याची हमी. पुढचा सरकता पट्टा, बॅगा भिरकावणारे हात आणि आपल्या बॅगेच्या उरावर येऊन बसणारी कुणाची तरी अगडबंब बॅग, हे काही त्याच्या हिशेबात नसतं. खरेदीच्या भरात आपल्याही नसतं.

चिनीमातीची बशी बॅगेत आडवी निजवायची नसते. फडताळातल्या पुस्तकासारखी उभी ठेवायची. आडवी ठेवली की वरचा सगळा भार तिच्या मधोमध येतो आणि तिथेच ती कच्ची असते. कडेवर उभी केली की तोच धक्का ती बऱ्यापैकी सोसते. कपाचं घोडं मात्र कानाशी अडतं. कप सहसा शाबूत पोचतो, कान वेगळा पोचतो. म्हणून आधी कानाच्या भोकात कागदाचा बोळा, मग कानाला स्वतंत्र गुंडाळी, मग कपाच्या पोटात मोजे आणि शेवटी सगळ्याला मिळून बबल रॅप, फुगे आतल्या बाजूला. मोजे धुतलेलेच हवेत असं नाही. न धुतलेले असले तर बॅग उघडून तपासणाऱ्याचा उत्साह जरा लवकर मावळतो, एवढंच. वस्तू आणि बॅगेची भिंत यांच्यामध्ये चारी बाजूंनी निदान ५ सेंटिमीटरचा मऊ थर हवा. बॅग बंद करून हलवून बघायची. आतून ‘टक्’ असा आवाज आला की सगळं उपसून पुन्हा भरायचं. हा आवाज हमखास रात्री बारानंतर येतो.

मग वजन. लांबच्या प्रवासात पुष्कळ विमान कंपन्या साध्या तिकिटावर एका बॅगेला २३ किलो देतात. ३२ किलोच्या वर गेलेली बॅग बहुतेक ठिकाणी पैसे मोजूनही घेत नाहीत, कारण ती उचलणाऱ्यालाही कंबर असते. या २३ किलोंत बॅग स्वतः धरलेली असते, हे आपण सोयीस्करपणे विसरतो. मोठी कडक कवचाची बॅग रिकामीच ४ ते ५ किलो भरते. म्हणजे आपल्या वाट्याला उरले १८. हुकाला लटकवायचा छोटा डिजिटल काटा सोबत असला तर उत्तम. नसला तर जिथे उतरलो तिथला माणसं उभी राहायचा काटा मागायचा, एकदा बॅग घेऊन त्यावर उभं राहायचं, एकदा बॅगेशिवाय, आणि वजाबाकी करायची. या रीतीने बॅगेचं वजन बरोबर कळतं. दुसरा जो आकडा कळतो, तो मात्र सहलीचा सगळा आनंद घालवतो.

जड वस्तू चाकांच्या बाजूला भराव्यात, म्हणजे बॅग उभी केल्यावर त्या बाकीच्यांच्या डोक्यावर बसत नाहीत आणि बॅग तोंडावर आपटत नाही. पण दगडाची मूर्ती किंवा भरीव पितळेची घंटा असेल तर ती तळाशी गाडू नये. क्ष-किरणांच्या पडद्यावर तिथे नुसता गडद ठोकळा दिसतो आणि बॅग उघडायला लावतात. मग भर रांगेत आपले अंतर्वस्त्रांपर्यंतचे सगळे थर उत्खननासारखे बाहेर येतात. चाकांपाशीच, पण झाकण उघडताच हाताला लागेल अशी ठेवावी.

बॅगेत मावत नाही म्हणून कुरियर करावं, असं ज्यांना वाटतं त्यांनी आधी एक गणित सोडवावं. हवाई कुरियरवाले बहुतेक ठिकाणी वस्तूचं खरं वजन आणि ‘आकारमानाचं वजन’ काढून जे जास्त भरेल त्याचे पैसे घेतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये मोजायची, तिन्हींचा गुणाकार करायचा आणि सर्रास वापरल्या जाणाऱ्या ५००० ने भागायचं. येईल ते किलो. समजा, वेताची एक टोपली मोहात पाडून गेली. ५० बाय ५० बाय ४० चं खोकं. गुणाकार एक लाख, भागिले ५०००, म्हणजे २० किलो. टोपली स्वतः दीड किलोची. उरलेली साडेअठरा किलो हवा, आणि तिचंही भाडं आपणच भरायचं. यावर उपाय एकच : पैसे हवेचे जाणारच असतील तर हवेच्या जागी कपडे भरावेत. २० किलोंपर्यंत भाडं तेवढंच राहतं. फक्त आत काय काय आहे ते अर्जात खरं खरं लिहावं.

हलवलं की आत बर्फ पडतो तो काचेचा गोळा हे प्रवासी माणसाचं खास दुखणं. या गोळ्याची कुळकथा मोठी गोड आहे. १९०० च्या सुमारास व्हिएन्नातला एर्विन पेर्झी हा शस्त्रक्रियेची अवजारं बनवणारा कारागीर दिव्याचा उजेड वाढवायच्या खटपटीत होता. पाण्याने भरलेल्या काचगोळ्यात त्याने रवा टाकून पाहिला. उजेड काही वाढला नाही, पण रवा तरंगत खाली येताना बर्फासारखा दिसला. त्याच्या घराण्यात हे गोळे अजून बनतात. पेर्झीला विमानाने घरी जायचं नव्हतं, हा त्यातला महत्त्वाचा भाग. २००६ च्या ऑगस्टमध्ये ब्रिटनमध्ये द्रव स्फोटकांनी विमानं उडवण्याचा कट उघडकीला आला आणि त्यानंतर हातातल्या सामानात १०० मिलिलिटरची अट आली. गोळ्याचा आतला व्यास पावणेसहा सेंटिमीटर झाला की त्यात १०० मिलिलिटर पाणी मावतं. म्हणजे लिंबाएवढा गोळा चालेल, मोसंब्याएवढा तपासनिसाच्या टेबलावर राहील. नवी स्कॅनर यंत्रं आलेल्या काही विमानतळांवर ही अट सैल झाली आहे, पण वाटेत विमान बदलायचं असेल तर तिथली यंत्रंही नवी आहेत का, हे बघायला हवं. त्यापेक्षा गोळा सरळ चेक-इन बॅगेत, मोज्यांच्या बंदोबस्तात टाकावा.

घरी आल्यावर काही महिन्यांत गोळ्याच्या माथ्यावर एक बुडबुडा दिसू लागतो आणि वाढत जातो. बुडाच्या रबरी बुचाशेजारून पाणी हळूहळू उडून जात असतं. बूच निघण्यासारखं असेल तर काढून डिस्टिल्ड पाणी भरावं. नळाचं भरलं तर क्षार बसतात, शेवाळ धरतं आणि हिमाच्छादित शिखरावर वसंत येतो. बर्फ सावकाश पडावा म्हणून ग्लिसरीनचे दोन-चार थेंब घालतात. चमचाभर घातलं तर सगळा बर्फ एकत्र गोळा होऊन ढेकळासारखा धप्पकन खाली येतो. आणि हा गोळा उन्हाच्या खिडकीत कधीही ठेवू नये. पाण्याने भरलेली गोल काच म्हणजे भिंगच, समोरचा पडदा पेटू शकतो.

आता फ्रिजवरची चुंबकं. स्वस्त, चपटी, सगळ्यांना पुरणारी. सगळ्यात जास्त खोटेपणाही याच वस्तूत. समोर रेझिनचा, म्हणजे साच्यात ओतलेल्या प्लास्टिकचा, भरघोस किल्ला, मागे मात्र नखाएवढा काळा, रबरासारखा चुंबकाचा तुकडा. दुकानातल्या पत्र्यावर तो छान बसतो, कारण तिथे दार धाडकन कुणी लावत नाही. घरी फ्रिजचं दार लागलं की किल्ला इंच इंच लढवत खाली येतो आणि आठवडाभरात फ्रिजखाली जातो. काही ठिकाणी तर तो चिकटतच नाही. स्टेनलेस स्टीलच्या काही जातींना चुंबक धरत नाही आणि दार त्याच पत्र्याचं असेल तर दोष किल्ल्याचा नाही. अशा फ्रिजच्या बाजूची भिंत बहुधा साध्या, रंग दिलेल्या पत्र्याची असते. तिथे लावून बघावं.

पडणारा किल्ला दुरुस्त करता येतो. जुनं चुंबक सुरीने उचकटू नये, रेझिनचा टवका उडतो. दात साफ करायचा धागा दोन्ही हातांत ताणून मधून करवतीसारखा ओढत न्यावा. मग ती जागा आणि नव्या चुंबकाची पाठ बारीक पॉलिशपेपरने खरवडायची, स्पिरिटने पुसून कोरडी होऊ द्यायची. १० मिलिमीटर व्यासाच्या, २ मिलिमीटर जाडीच्या निओडिमियम या ताकदवान चुंबकाच्या दोन चकत्या बहुतेक किल्ल्यांना पुरतात. डिंक दोन नळ्यांचा, इपॉक्सी घ्यावा. झटपट चिकटणारा सुपरग्लू कडक आणि ठिसूळ होतो. दाराच्या पहिल्या धडाक्याला किल्ला खाली आणि चकती दारावर, अशी फाळणी होते. दोन चकत्यांत बोटभर अंतर ठेवावं. जवळ ठेवल्या तर इपॉक्सी ओला असतानाच एक टुणकन उडी मारून दुसरीवर जाऊन बसते, डिंकासकट. प्रत्येकीला चिकटपट्टीने दाबून २४ तास हात लावायचा नाही. घरात लहान मूल असेल तर मात्र हा उद्योगच करू नये. अशा दोन चकत्या गिळल्या गेल्या तर आतड्याच्या दोन पदरांतून एकमेकींना धरतात आणि थेट शस्त्रक्रियेची वेळ येते. इथे विनोद संपतो.

लाकडी वस्तूंत माझं मत एकाच पोरीला : एकीच्या पोटात दुसरी अशी रशियन बाहुली. १८९० च्या दशकात ती जन्मली आणि पॅकिंगचा प्रश्न जन्मतःच सोडवून आली. सात बायकांना एकीचीच जागा. कारागीर आधी सगळ्यात धाकटी कोरतो, मग तिच्या मापाने मोठ्या होत जातात. म्हणून एका बाहुलीचं धड दुसऱ्या संचातल्या डोक्याला सहसा बसत नाही. दुकानात दोन संच शेजारी उघडून बघणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. दमट हवेत लाकूड फुगून ती घट्ट बसते. तेव्हा कुस्ती खेळू नये, कोरड्या खोलीत एक-दोन दिवस ठेवावी आणि उघडल्यावर आतल्या कडेवर मेणबत्ती फिरवावी.

इतर लाकडी कोरीवकामाला विकत घेण्याआधी उलटं करून बघावं. टाचणीच्या डोक्याएवढी भोकं आणि खाली पिठासारखी पूड दिसली तर आतलं बिऱ्हाड अजून नांदतं आहे. घेऊन आलाच असाल तर दोन प्लास्टिक पिशव्यांत हवा काढून बंद करावं आणि उणे १८ अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये निदान दोन आठवडे ठेवावं. बाहेर काढल्यावर खोलीइतकं गरम होईपर्यंत पिशवी उघडायची नाही, नाहीतर दव लाकडावरच धरतं. भोकं आणि पूड काहीच नसून बाजूने एक बारीक, सरळ शिवण वरपासून खालपर्यंत गेलेली दिसली, तर अभिनंदन : किडीला खायला तिथे लाकूडच नाही, साच्यातलं रेझिन आहे.

फुकटात मिळालेली आठवण सगळ्यात महाग पडते. इटलीच्या सार्डिनिया बेटावर किनाऱ्यावरची वाळू, गोटे, शिंपले नेण्याला २०१७ पासून कायद्याने मोठा दंड आहे. २०१९ मध्ये एक फ्रेंच जोडपं तिथे पकडलं गेलं. चौदा बाटल्यांत मिळून ४० किलो वाळू, आठवण म्हणून! मला त्यातल्या चोरीपेक्षा वजनाचं कौतुक वाटतं. शंखांचंही तसंच. क्वीन काँच नावाचा मोठा गुलाबी शंख, महाकाय शिंपले (जायंट क्लॅम), समुद्रघोडे हे वन्यजीव व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय करारात, म्हणजे साइट्समध्ये मोडतात. वाळवलेले समुद्रघोडे माणशी चार आणि हा शंख माणशी तीन, एवढीच विनापरवाना सूट करारात आहे, आणि कित्येक देश तीही देत नाहीत. पोवळं, कासवाची पाठ, हस्तिदंत यांना हातच लावू नये, दुकानदाराने कितीही छापील कागद दिला तरी.

राहता राहिलं वाटप. बॅग उघडायच्या आधी वस्तूच्या बुडाचं लेबल काढणं हे शेवटचं काम. किमतीच्या लेबलांना मुद्दाम चिरा पाडलेल्या असतात, म्हणजे ती अखंड निघून दुसऱ्या वस्तूवर जाऊ नयेत. नखाने खरवडलं तर त्याचे सोळा तुकडे होतात. हेअर ड्रायर चार बोटांवर धरून अर्धा मिनिट गरम हवा द्यावी, कोपरा सुटला की वस्तूला जवळजवळ चिकटून, सावकाश ओढावं. मागे राहिलेल्या डिंकावर खाद्यतेलाचा थेंब, दहा मिनिटं थांबून साबणाचं फडकं. उघड्या लाकडावर आणि कच्च्या मातीवर तेल नको, डाग पडतो, तिथे साधं खोडरबर घासावं. नेलपॉलिश काढायचं द्रावण रेझिनला लावलं तर लेबलाबरोबर किल्ल्याचा रंगही जातो. इतकं सगळं नीट केलं की किंमत पूर्ण निघते. खाली एक दुसरं, छोटं, सोनेरी लेबल असतं, ते काही केल्या निघत नाही. त्यावर वस्तू बनली त्या देशाचं नाव असतं आणि आपण तिथे गेलेलोच नसतो. आत्या वस्तू हातात घेते, “छान आहे हो,” म्हणते, आणि आधी उलटी करून बघते.