‘दुसऱ्याचं भंगार’: एका पालकांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

‘२५ हजारांत विद्यार्थ्याचा लॅपटॉप’ या माझ्या लेखाखाली ‘एक पालक’ या नावाने आलेली प्रतिक्रिया परवा रात्री वाचली. खालीच चार ओळींत उत्तर देणार होतो, पण लिहायला बसलो आणि हात थांबेना, म्हणून वेगळं टाकतोय.

ज्यांनी मूळ लेख वाचलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: बजेट २५ हजारांच्या आत असेल तर ४ जीबी रॅम आणि कमी ताकदीच्या सेलेरॉन प्रोसेसरवाला नवा लॅपटॉप घेऊ नका, असं मी म्हटलं होतं. त्यापेक्षा कंपन्यांनी वापरून परत केलेला, इंटेलचा आठव्या पिढीचा आय-फाइव्ह प्रोसेसर असलेला लेनोवोचा थिंकपॅड किंवा त्याच तोडीचा दुसरा बिझनेस लॅपटॉप घ्या, त्यावर लिनक्स मिंट (विंडोजऐवजी चालणारी फुकट ऑपरेटिंग सिस्टिम) टाका आणि विंडोज लागत असेल तर त्याच लॅपटॉपवर शेजारी ठेवा.

आणि ही प्रतिक्रिया, जशीच्या तशी:

“पुण्यात बसून दरवर्षी लॅपटॉप बदलणाऱ्यांनी आमच्या मुलांना दुसऱ्याचं भंगार घ्यायला सांगू नये. माझा मुलगा मेकॅनिकल डिप्लोमाला आहे, तुमचा लेख वाचून हट्टाला पेटलाय. ऑटोकॅड लिनक्सवर चालत नाही. ऑनलाइन परीक्षेचं सॉफ्टवेअर चालत नाही. तालुक्याला पार्ट मिळत नाहीत. वॉरंटी कोण देणार, तुम्ही? आणि टी४८०एस मध्ये एक रॅम बोर्डावरच चिकटवलेली असते. आधी अभ्यास करा, मग लिहा.”

शेवटापासून सुरू करतो, कारण तिथे तुमचं बरोबर आहे. थिंकपॅडच्या टी४८० मॉडेलमध्ये रॅमची पट्टी बदलता येईल असे दोन स्लॉट असतात, टी४८०एस मध्ये असा एकच असतो आणि बाकीची रॅम बोर्डावर असते. मी दोन्ही मॉडेलं एकाच वाक्यात घातली होती. चूक माझी आहे, लेखात दुरुस्त केली आहे आणि खाली तारीख टाकली आहे. त्याबद्दल आभार.

पण ‘अभ्यास करा मग लिहा’ हे तुम्ही एका अक्षराच्या चुकीवरून म्हणता? सहा वर्षं मी या विषयावर लिहितोय. जो लॅपटॉप स्वतः उघडून पाहिलेला नाही त्याबद्दल एक ओळ लिहीत नाही. चूक दाखवायलाच हवी, पण ती दाखवण्याची एक रीत असते. ‘इथे चुकलंय, बघा’ एवढं लिहिलं असतं तरी मी त्याच मिनिटाला सुधारलं असतं.

आता ‘पुण्यात बसून’.

हे वाक्य मला लागलं. लागलं हे लपवत नाही. मी पुण्यात बसलेलो आहे ते गेली काही वर्षं. त्याआधी करमाळा तालुक्यात होतो. वडील एसटीत कंडक्टर होते. २०११ साली इंजिनिअरिंगला पुण्यात आलो तेव्हा वडिलांनी पतसंस्थेतून कर्ज काढून मला २७,५०० रुपयांचा लॅपटॉप घेऊन दिला. नवा. खोक्यात बंद. एका मोठ्या शोरूममधून, पक्कं बिल, एक वर्षाची वॉरंटी, वर एक बॅग फुकट. वडिलांनी त्या बिलाची झेरॉक्स काढून घरच्या पेटीत ठेवली होती. तुम्ही आज जे सगळं मागताय ते सगळं त्या लॅपटॉपसोबत आलं होतं.

सातव्या महिन्यात डावीकडची बिजागरी सैल झाली. स्क्रीन उघडताना प्लास्टिक कडकड वाजायचं, म्हणून मी दोन्ही हातांनी धरून उघडायचो. दहाव्या महिन्यात कडेचं प्लास्टिक फाटलं. सर्व्हिस सेंटरला नेला तर ‘ही फिजिकल डॅमेज, वॉरंटीत बसत नाही’. आणि तेराव्या महिन्यात एका सकाळी तो चालूच झाला नाही. मदरबोर्ड. वॉरंटी संपून सव्वीस दिवस झाले होते. चौदा हजार सांगितले. चौदा हजार! वडिलांचे अजून नऊ हप्ते बाकी होते. मी घरी फोन केला नाही. पुढचं एक सेमिस्टर कॉलेजच्या लॅबमध्ये आणि रूममेटच्या मशीनवर काढलं, तो झोपल्यावर. वडिलांना दिवाळीत घरी गेल्यावर सांगितलं. ते काहीच बोलले नाहीत, पेटीतून ती झेरॉक्स काढली, वाचली आणि परत ठेवली.

तर ‘आमच्या मुलांना’ असं जेव्हा तुम्ही म्हणता, तेव्हा मी त्याच मुलांमधला आहे. तुमच्यातला आणि माझ्यातला फरक एवढाच की माझ्या घरी नव्या मशीनची हौस आधीच फिटली होती.

२०१३ च्या जानेवारीत एका सिनिअरने मला मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला नेलं. तिथे एका माळ्यावरच्या गाळ्यात थिंकपॅड टी४०० घेतला, ९,५०० रुपयांना. मॉडेल २००८ चं, म्हणजे तेव्हाच जुनं. झाकणावर कुठल्या तरी कंपनीच्या मालमत्तेचा स्टिकर खरवडल्याची खूण होती. त्यावर उबुंटू १२.०४ (लिनक्सचाच एक प्रकार) टाकलं. त्याला पाच वर्षं अपडेट मिळणार होते आणि ते मिळाले. त्या लॅपटॉपवर माझी डिग्री पूर्ण झाली, पहिली नोकरी लागली. हॉस्टेलवर एकदा अख्खा कप चहा कीबोर्डवर सांडला. खालचे स्क्रू काढले, कीबोर्ड उचलून बाहेर घेतला, पुसला, दोन दिवस वाळवला, तीन बटणं तरीही गेली. दुसरा कीबोर्ड ६०० रुपयांना मिळाला आणि मी तो स्वतः, पलंगावर बसून, वीस मिनिटांत बसवला. २०१८ पर्यंत वापरला. दरवर्षी लॅपटॉप बदलणारा माणूस म्हणजे मी, नाही का? आजवरच्या आयुष्यात माझे चार लॅपटॉप झाले, त्यातला नवा एकच, आणि तो तेरा महिने टिकला.

आता ‘भंगार’. हा शब्द तुम्ही सहज लिहून गेलात, पण त्याच शब्दामुळे मुलं चुकीची खरेदी करतात. पाहुणे काय म्हणतील, शेजारी विचारेल ‘सेकंडहँड घेतला का?’, म्हणून बाप कर्ज काढून खोकं आणतो. म्हणून यावर जरा सविस्तर बोलतो.

हिंजवडीत, बेंगळुरूत, हैदराबादेत मोठ्या कंपन्या लॅपटॉप बहुधा भाड्याने किंवा ठरावीक मुदतीने घेतात. तीन-चार वर्षं झाली की चालू असो की बंद, अख्खा लॉट परत जातो. मशीन बिघडलं म्हणून नाही, करार संपला म्हणून. तोच माल लॅमिंग्टन रोडला, पुण्यातल्या आपल्या तापकीर गल्लीत, दिल्लीच्या नेहरू प्लेसला येतो. नवा असताना तो सामान्य विद्यार्थ्याच्या आवाक्याबाहेरचा असतो. तो बनवताना गृहीतच धरलेलं असतं की हा रोज दहा तास चालणार, बॅगेत आदळणार, आणि कंपनीचा आयटीवाला तो उघडून दुरुस्त करणार. म्हणून तो उघडता येतो.

गेल्या वर्षी भाच्यासाठी टी४८० घेतला, २१ हजारांना. दुकानातच विक्रेत्यासमोर उलटा केला. खटके सरकवले की बाहेरची बॅटरी हातात येते. आत दुसरी बॅटरी असतेच, त्यामुळे मशीन चालू ठेवून बाहेरची बदलता येते. खालचं झाकण काढलं तर स्क्रू झाकणालाच अडकून राहतात, हरवत नाहीत. एका स्लॉटमध्ये ८ जीबी रॅम, दुसरा स्लॉट मोकळा. पुढे दुसरी पट्टी घातली की झाली १६. एसएसडी (साठवणुकीची डिस्क) एका स्क्रूवर. हे सगळं भाच्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, आणि तो कॉमर्सचा आहे. आता ४ जीबी रॅम आणि ६४ जीबीची ईएमएमसी (साठवणुकीची चिप) बोर्डावर चिकटवलेला नवा लॅपटॉप असा उघडून बघा. आत बदलण्यासारखं काही सापडणार नाही. पहिल्या दिवशी जेवढी रॅम, तेवढीच शेवटच्या दिवशी. विंडोजचेच अपडेट त्या ६४ जीबीत मावायला मारामार, आणि मुलगा फोटो पेनड्राइव्हवर टाकत बसतो. मग यातलं भंगार कोणतं?

आठवी पिढी मी का म्हटलं, हेही तुम्ही वाचलं असतं तर बरं झालं असतं. सातव्या पिढीच्या लॅपटॉपमधला आय-फाइव्ह बहुधा दोन कोअरचा, आठव्या पिढीचा ८२५०यू किंवा ८३५०यू चार कोअरचा. दुसरं म्हणजे विंडोज ११, मोजके अपवाद सोडले तर, इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढेच अधिकृतपणे चालतं, सोबत टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं. विंडोज १० चा आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला संपवला. त्यामुळे सहाव्या-सातव्या पिढीची मशीनं बाजारात ढिगाने आणि स्वस्तात आहेत, आणि मुलं तिथेच फसतात. मी त्यांना त्या सापळ्यातून बाहेर काढायला लिहिलं, त्यांच्या गळ्यात काही बांधायला नाही.

ऑटोकॅडचं (ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरचं) म्हणाल तर ते लिनक्सवर चालत नाही, हे माझ्याच लेखात सहाव्या परिच्छेदात आहे. सॉलिडवर्क्सही नाही, टॅलीही नाही. म्हणूनच ‘विंडोज शेजारी ठेवा’ लिहिलं. कंपनीच्या लॅपटॉपला विंडोज प्रोचं लायसन्स बहुधा बोर्डावरच असतं, विंडोज ११ टाकून नेटला जोडलं की आपोआप अॅक्टिव्हेट होतं. चोरीची किल्ली लागत नाही. ऑटोडेस्क विद्यार्थ्यांना ऑटोकॅड शिक्षणासाठी फुकट देतं. परीक्षेचं उत्तरही तेच: त्या दिवशी विंडोजमध्ये सुरू करायचं. आदल्या आठवड्यात एकदा करून बघायचं, एवढंच.

तालुक्याला पार्ट मिळत नाहीत, खरं आहे. नव्या लॅपटॉपचेही मिळत नाहीत. कुरिअर दोन्हीला लागतं. वॉरंटीबद्दल लेखात आहे: दुकानदार महिनाभराची देतो, काही तीन महिन्यांची, लेखी घ्या. मी का देऊ? मी दुकान चालवत नाही आणि कुणाकडून एक रुपया घेत नाही. हा प्रश्न विचारण्यात अर्थ काय होता, मला खरंच कळलं नाही.

एवढं सगळं असताना मग लिनक्स कशाला, असं तुम्ही विचारलेलं नाही, पण तुमच्या सुरात ते आहे. म्हणून सांगतो. भाचा प्रोजेक्टची प्रिंट काढायला झेरॉक्सच्या दुकानात पेनड्राइव्ह घेऊन जातो. परत आला की त्यात सगळ्या फोल्डरचे शॉर्टकट झालेले असतात. मिंटमध्ये लावला की तो व्हायरस नुसती एक फाइल म्हणून दिसतो, डिलीट केला की संपलं. मिंट २२ हे उबुंटू २४.०४ वर उभं आहे आणि २०२९ पर्यंत त्याला अपडेट आहेत, म्हणजे चालू डिप्लोमा त्यात बसतो. सी भाषा शिकायला जीसीसी, पायथन, लिब्रेऑफिस, सगळं फुकट आणि उजळ माथ्याने. मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड सेटिंगमध्ये जाऊन एकदा जोडला की झालं, हे उत्तर मी त्यावरच लिहितोय. आणि मुलाला इंग्रजी व्हिडिओ जड जात असतील तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्सचे, लिब्रेऑफिसचे, सी भाषेचे पाठ मराठीतही आहेत. केरळमध्ये सरकारी शाळांतली मुलं लिनक्सवर कॉम्प्युटर शिकतात. तिथल्या पालकांना ते भंगार वाटत नाही.

तुमच्या मुलाला मी ओळखत नाही, पण तो हट्टाला पेटलाय हे वाचून मला आनंद झाला, आणि याबद्दल तुम्ही रागावलात तरी चालेल. वडिलांचे पैसे कुठे घालायचे याचा विचार करणारा मुलगा आहे तो. मी त्या वयात केला नव्हता.

त्याला दुकानात जाताना मिंटचा बूट होणारा पेनड्राइव्ह सोबत न्यायला सांगा. तो लावून मशीन तिथेच सुरू करायचं, काहीही इन्स्टॉल न करता. वायफाय, आवाज, कॅमेरा, सगळी बटणं तपासायची. मिंटच्या पॉवर स्टॅटिस्टिक्स अॅपमध्ये बॅटरीची मूळ क्षमता आणि आताची क्षमता शेजारी शेजारी दिसते, निम्म्याच्या खाली असेल तर भाव पाडून घ्यायचा. बायोसमध्ये (मशीन सुरू होताना उघडणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन पासवर्ड मागतोय का बघायचं. मागत असेल तर कितीही स्वस्त असला तरी सोडायचा, कारण ते कंपनीचं कुलूप असतं आणि दुकानदाराकडे किल्ली नसते. पांढरं पान पूर्ण स्क्रीनवर उघडून डाग बघायचे. बिजागरी चार वेळा उघडझाप करायची, एका हाताने.

आणि मॉडेल नंबर खालच्या स्टिकरवर असतो. तो इथे लिहा. टी४८०एस असेल आणि बोर्डावरची रॅम ४ जीबीच असेल, तर त्याला थांबवा. ते तुम्हीच मला दाखवून दिलंत.