किर्कची चूक आणि स्पॉकची रिकामी खुर्ची

'द रॅथ ऑफ खान' या १९८२च्या स्टार ट्रेक चित्रपटातला स्पॉकचा मृत्यू म्हटलं की सगळ्यांना ती काच आठवते. अलीकडे एंटरप्राइझ या अंतराळजहाजावरचा ॲडमिरल किर्क, पलीकडे त्याचा मित्र आणि सहकारी, व्हल्कन ग्रहावरचा स्पॉक, मधल्या काचेवर दोघांचे पंजे. प्रसंग तेवढा मोठा आहेच. पण स्पॉकवर ती वेळ का येते, याचं उत्तर बरंच आधी, एका अर्धवट राहिलेल्या वाक्यात आहे. त्याच्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही, म्हणून हे लिहितोय.

एंटरप्राइझच्या समोरून रिलायंट हे जहाज येतंय. आपल्याच ताफ्यातलं, ओळखीचं, पण हाक मारली तरी उत्तर नाही. ब्रिजवर, म्हणजे जहाजाच्या नियंत्रणकक्षात, साविक नावाची शिकाऊ लेफ्टनंट आहे. ती नियम म्हणून दाखवायला लागते, की समोरच्या जहाजाशी संपर्क झालेला नसेल तेव्हा... आणि स्पॉक तिला मधेच थांबवतो. ॲडमिरलना नियम ठाऊक आहेत, एवढंच म्हणतो. साविक गप्प होते. किर्क पिवळा इशारा देतो, पण जहाजाचं संरक्षक कवच, म्हणजे शील्ड, चढवत नाही. रिलायंट बळकावून त्यावर किर्कचा जुना शत्रू खान बसलेला असतो. बरोब्बर इंजिन रूमवर मारा होतो, मुख्य ऊर्जा जाते, शिकाऊ पोरं मरतात.

नियम साविकपेक्षा स्पॉकला जास्त पाठ आहेत. तरी त्यानं तिला थांबवलं, कारण कॅडेटांच्या देखत कुणी किर्कला शिकवावं हे त्याला रुचलं नाही, असं मला ठाम वाटतं. चित्रपट हे बोलून दाखवत नाही. पण मित्राचा चारचौघांत पाणउतारा होऊ नये म्हणून माणूस जे करतो, तेच त्यानं केलं. भावना नाहीत असं सांगणाऱ्या व्हल्कनानं केलं. हल्ल्यानंतर किर्क स्वतःच साविकला सांगतो, की तू नियम सांगत जा. चूक तो कबूल करतो. स्पॉक मात्र त्यावर अवाक्षर काढत नाही.

आता त्या चुकीचा माग धरून पुढे चला. मूळ टीव्ही मालिकेतल्या 'स्पेस सीड' या १९६७च्या भागात किर्कनं खानला आणि त्याच्या माणसांना सेटी आल्फा ५ या ग्रहावर सोडलं होतं. (खान नूनियन सिंग. त्या भागात तो उत्तर भारतातला, बहुधा शीख, असा अंदाज जहाजावरची इतिहासकार बांधते. भूमिका मेक्सिकोच्या रिकार्डो मोन्टाल्बान यांनी केली.) सहा महिन्यांत शेजारचा ग्रह फुटला, याची कक्षा सरकली, जमीन उजाड झाली, खानची बायको गेली. पंधरा वर्षांत किर्कनं एकदाही चौकशी केली नाही. ही पहिली चूक, शील्ड न चढवणं ही दुसरी. इंजिनाला पहिला दणका तिथे बसला. मुख्य अभियंता स्कॉटीनं दोनेक तासांत जमेल तशी डागडुजी केली. मग मुटारा नेब्युला या वायूच्या ढगातल्या लढाईत पुन्हा मार बसला, जोडलेला भाग निखळला आणि तिथे इतका किरणोत्सर्ग झाला की आत जाणंच अशक्य. म्हणून मुख्य इंजिन बंद. आणि नेमकं तेव्हाच मरता मरता खान जेनेसिस यंत्र सुरू करतो, जे आसपासचं सगळं नष्ट करून त्यातून नवी सृष्टी घडवतं. स्फोटाला चार मिनिटं. किर्क इंजिन रूमला सांगतो, तीन मिनिटांत वॉर्प (प्रकाशाहून जास्त वेग) मिळाला नाही तर सगळे मेलो.

खालून उत्तर येत नाही. कॅमेरा स्पॉकवर. तो ऐकतो, क्षणभर विचार करतो आणि उठून चालायला लागतो. किर्कला विचारत नाही, सांगतही नाही. ब्रिजवर कुणाचं लक्षच नसतं. माझ्या मते मैत्रीची खरी जागा ही. विचारलं असतं तर किर्कला हो म्हणावं लागलं असतं, आणि ते ओझं त्याला जन्मभर वाहावं लागलं असतं. स्पॉक तो हुकूम त्याच्या तोंडून येऊच देत नाही.

पुढचं सगळं कामासारखं घडतं. इंजिन रूमच्या दारात डॉक्टर मॅकॉय आडवा येतो, की कोणताही माणूस आत तग धरणार नाही. स्पॉक आठवण करून देतो, की मी माणूस नाही हे तुम्हीच तर नेहमी म्हणता. वाद घालायला वेळ नसतो. तो मॅकॉयच्या खांद्याची शीर दाबून त्याला खाली निजवतो. अर्धवट शुद्धीतल्या स्कॉटीचे हातमोजे काढून स्वतः चढवतो. मॅकॉयच्या चेहऱ्यावर बोटं ठेवून एकच शब्द म्हणतो: लक्षात ठेव. मग काचेच्या आत जातो, मधल्या खांबाचं झाकण उचलतो आणि पांढऱ्या झोतात हात घालतो. बाहेर शुद्धीवर आलेले मॅकॉय आणि स्कॉटी काचेवर मुठी आपटत त्याला बाहेर ये म्हणून ओरडत असतात. तो वर बघत नाही. काम पुरं करतो, झाकण जागेवर बसवतो.

वर ब्रिजवर वॉर्प मिळतो, जहाज निसटतं. किर्क खूश होऊन स्कॉटीला शाबासकी देतो. उत्तर मॅकॉयच्या आवाजात येतं: जिम, तू खाली ये. लवकर ये. आणि किर्क मान वळवून स्पॉकच्या जागेकडे बघतो. खुर्ची रिकामी. पुढचं कुणी सांगायची गरज राहत नाही, तो धावतच सुटतो.

खाली स्पॉकचा चेहरा भाजलाय, डोळ्यांना दिसत नाहीये. तरी तो उठतो, अंगातला युनिफॉर्मचा कोट खाली ओढून नीट करतो, आवाजाच्या दिशेनं चालतो आणि काचेवर आपटतो. ते कोट नीट करणं नीट पाहा. ॲडमिरल आलेत, समोर व्यवस्थित उभं राहायला हवं, एवढंच त्याच्या डोक्यात असतं. पहिला प्रश्न जहाजाबद्दल: धोक्याबाहेर आलं का? आणि मरतानाही तो किर्कला 'जिम' म्हणत नाही, 'ॲडमिरल' म्हणतो.

या प्रसंगातली दोन्ही महत्त्वाची वाक्यं प्रेक्षकाच्या ओळखीची असतात. आधी स्पॉकच्या खोलीत, तो जहाजाची सूत्रं किर्कच्या हाती देतो तेव्हा, ती दोन्ही येऊन गेलेली आहेत. तिथे स्पॉक म्हणतो, की अनेकांची गरज थोड्यांच्या गरजेहून मोठी, आणि किर्क शेपूट जोडतो: किंवा एकाच्या. काचेपाशी तेच वाक्य दोघं वाटून घेतात, फक्त शेपूट या वेळी स्पॉक लावतो. त्याच खोलीत त्यानं सांगितलेलं असतं, की तुम्ही माझे वरिष्ठ आहात आणि मित्रही, आणि मी तुमचा मित्र होतो आणि राहीन. मरताना तेच. नवं वाक्य घातलं असतं तर ते संवादलेखकाचं वाटलं असतं, हे त्या दोघांचं वाटतं.

कोबायाशी मारू परीक्षेचंही तसंच. या सरावात कॅडेटनं काहीही केलं तरी जहाज जातंच. हरताना माणूस कसा वागतो ते बघायचं असतं. किर्कनं तिसऱ्या खेपेला यंत्राची आज्ञावलीच बदलून ती जिंकली होती. म्हणजे हा माणूस आयुष्यात खरा हरलेलाच नाही. स्पॉकनं ती परीक्षा कधी दिलीच नव्हती. मरताना तो विचारतो, माझं उत्तर कसं वाटलं? आणि चित्रपट सुरू होतो तोच या सरावात स्पॉक खोटा मरतो त्या दृश्यानं. स्पॉक मरणार ही बातमी आधीच फुटली होती, म्हणून दिग्दर्शक निकोलस मायर यांनी सुरुवातीलाच एक खोटा मृत्यू ठेवला. 'झालं, एवढंच होतं' असं समजून प्रेक्षक सैल बसला आणि शेवटी बेसावध सापडला.

याउलट स्टार ट्रेकचा १९७९चा पहिला चित्रपट घ्या. त्याला ४ कोटी डॉलरहून जास्त खर्च आला, 'रॅथ ऑफ खान' सुमारे १ कोटी २० लाखांत झाला. इतकी काटकसर की एंटरप्राइझचाच ब्रिज थोडा बदलून रिलायंटचा केला. पहिल्या चित्रपटातही जहाजावरचे दोन अधिकारी जातात: डेकर आणि इलिया. इलियाची भूमिका आपल्या मुंबईच्या पर्सिस खंबाटा यांची, १९६५च्या मिस इंडिया. त्यांनी त्यासाठी डोक्यावरचे सगळे केस उतरवले. काम मनापासून केलंय. पण शेवटी किर्क त्या दोघांची नोंद 'बेपत्ता' अशी करायला सांगतो आणि पुढच्याच वाक्यात जहाज ठीक चालत असल्याचं कळवतो. कुणाचे डोळे ओलावत नाहीत, आणि त्यात पर्सिस यांचा काही दोष नाही. दोघं त्याच चित्रपटात नवीन आलेली. कुणाची खुर्ची कोणती हे प्रेक्षकाच्या अंगवळणी पडायच्या आत ती गेली. स्पॉकमागे मालिकेचे ७९ भाग होते. ती खुर्ची माणसांनी सोळा वर्षं पाहिली होती.

'रॅथ ऑफ खान'मध्येही एका ठिकाणी हेच बिघडलंय. पहिल्या हल्ल्यात पीटर प्रेस्टन हा कोवळा कॅडेट मरतो आणि स्कॉटी त्याचा देह उचलून थेट ब्रिजवर घेऊन येतो, ढसाढसा रडतो. चित्रपटगृहातल्या आवृत्तीत ते रडणं जरा जास्त वाटतं. कारण प्रेस्टन हा स्कॉटीचा भाचा, हे सांगणारं वाक्यच संकलनात कापलं गेलं होतं. दिग्दर्शकाच्या पुढच्या आवृत्तीत ते परत आलं आणि अभिनय तोच असून प्रसंग जागेवर बसला. एका वाक्यानं इतका फरक पडतो.

अंत्यविधीनंतर किर्क एकटा बसतो. वाढदिवसाला मॅकॉयनं त्याला चष्मा दिलेला असतो, स्पॉकनं डिकन्सची 'अ टेल ऑफ टू सिटीज'. दुसऱ्यासाठी जीव देणाऱ्या माणसाची ती कादंबरी. किर्क ती उघडतो, चष्मा काढतो, तर काच फुटलेली. एका मित्राची भेट फुटली म्हणून दुसऱ्या मित्राची भेट वाचता येत नाही. यावर एक शब्द नाही, पार्श्वभूमीला निवेदन नाही. मग मुलगा डेव्हिड आत येतो आणि किर्क त्याच्यापाशी कबुली देतो, की मी मरणाला चकवत आलो आणि स्वतःची पाठ थोपटत आलो.

अगदी शेवटी, जेनेसिसच्या स्फोटातून तयार झालेल्या नव्या ग्रहावर उतरलेली स्पॉकची शवपेटी दिसते. तो भाग चाचणी खेळानंतर वाढवला, सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पार्कमध्ये चित्रित केला, मायर यांचा विरोध असताना. मॅकॉयला सांगितलेलं ते 'लक्षात ठेव'सुद्धा मूळ पटकथेत नव्हतं, निर्माते हार्व्ह बेनेट यांच्या सूचनेवरून आलं. स्पॉकच्या परतीसाठी दार उघडं ठेवायची ही तजवीज दुःख पातळ करते असं काही जण म्हणतात. मला तसं वाटत नाही. किर्कला यातलं काहीच माहीत नाही. त्याच्यापुरता स्पॉक गेलेला आहे.

नव्या नटसंचाच्या 'इन्टू डार्कनेस' या २०१३च्या स्टार ट्रेक चित्रपटानं हाच प्रसंग उलटा करून घेतला. आत किर्क, बाहेर स्पॉक. काच आहे, पंजे आहेत, वाक्यंही जवळपास तीच. पण या नव्या दोघांची ओळख जेमतेम एका चित्रपटाची, आणि त्याच चित्रपटात खानच्या रक्तानं किर्क उठून बसतो. नटांनी जीव ओतला तरी पाया नसेल तर भिंत कशावर उभी राहणार?

त्याच नटसंचाला खरं दुःख पुढे वाट्याला आलं. मूळ स्पॉक आणि नव्या चित्रपटांतला म्हातारा स्पॉक करणारे लेनर्ड निमॉय २७ फेब्रुवारी २०१५ला गेले. एंटरप्राइझवरच्या चेकॉव्हची भूमिका करणारा अँटन येल्चिन १९ जून २०१६ला अपघातात गेला, पुढचा चित्रपट 'बियॉन्ड' प्रदर्शित व्हायच्या काही आठवडे आधी. त्या चित्रपटात तरुण स्पॉकच्या हाती म्हाताऱ्या स्पॉकची पेटी येते, आत जुन्या एंटरप्राइझवरच्या सातही सहकाऱ्यांचा एकत्र फोटो. आणि मेजवानीत किर्क नसलेल्या मित्रांच्या नावानं पेला उचलतो, तेव्हा चौकटीत चेकॉव्ह दिसतो.

हा पेला जुन्या किर्कनंही उचलला होता, 'द सर्च फॉर स्पॉक'मध्ये (१९८४), स्वतःच्या घरात, जहाजावरचे सहकारी सुलू, उहुरा, चेकॉव्ह यांच्यासोबत. दिग्दर्शन खुद्द निमॉय यांचं. स्पॉकसाठी किर्क आपलंच जहाज चोरतो, पुढे ते स्वतःच्या हातानं उडवून देतो, मुलगा गमावतो. चुकीचा हिशोब अखेर त्याच्यापर्यंत येतो आणि तो भरतो. शेवटी व्हल्कनवर, पांढऱ्या झग्यातला स्पॉक सगळ्यांसमोरून चालत जातो. शरीर परत आलंय, स्मृती अजून जागेवर नाही. थोडं पुढे जाऊन तो थांबतो, मागे वळतो. वडील सांगतात तुम्ही माझे मित्र होता, असं म्हणतो. मग काहीतरी चाचपडल्यासारखं विचारतो: जहाज... धोक्याबाहेर आलं? काचेमागचा तोच प्रश्न. किर्क सांगतो, तूच वाचवलंस, आम्हा सगळ्यांना वाचवलंस, आठवत नाही? स्पॉक त्याच्याकडे बघत राहतो आणि म्हणतो, "जिम. तुझं नाव जिम."