टायमिंग बेल्टचं आयुष्य ऊन खात नाही

उन्हाळा तोंडावर आला की एक मेसेज लातूर-नांदेडपासून बीड-जालन्यापर्यंत ग्रुपाग्रुपांत फिरू लागतो. त्याचं म्हणणं असं: मराठवाड्याच्या ४४ अंशांच्या उन्हात टायमिंग बेल्टचं रबर वितळतं, म्हणून ४० हजार किलोमीटरलाच बेल्ट बदला. गाडी कमी चालत असेल तर बदलायची गरजच नाही. दर उन्हाळ्यात बेल्टवर सिलिकॉन स्प्रे मारा. बेल्टसोबत पुली आणि पंप बदलायला लावणं ही लूट आहे. आणि तुटायच्या आधी बेल्ट आवाज देतोच. यातलं एकही वाक्य खरं धरून चालू नका.

टायमिंग बेल्ट म्हणजे क्रँक (पिस्टनने फिरणारा दांडा) आणि कॅम (वॉल्व्ह उघडणारा दांडा) यांची वेळ जुळवून धरणारा दातेरी रबरी पट्टा. मुळात प्रत्येक गाडीत हा बेल्ट नसतो. स्विफ्ट-डिझायरच्या १.३ डिझेलमध्ये चेन आहे, डस्टरच्या १.५ डिझेलमध्ये, फिगोच्या १.४ डिझेलमध्ये आणि जुन्या सँट्रोत बेल्ट आहे. आधी आपल्या गाडीचं पुस्तक उघडा.

आता ऊन. चालू इंजिनात कुलंट एरवीही ९० अंशांच्या आसपास असतं आणि बेल्टचं रबर शंभरावरची उष्णता सोसायलाच बनवलेलं असतं. बाहेर ३० ऐवजी ४४ अंश झाले म्हणून ते वितळत नाही. उन्हाळ्यात बेल्ट जातो तो पाण्यापायीही. आपल्याकडे रेडिएटरमध्ये सर्रास बोअरचं पाणी ओततात. ते जड पाणी आत क्षार धरतं, गंज आणतं, आणि तीच खर वॉटर पंपाचं सील खाते. बऱ्याच इंजिनांत हा पंप टायमिंग बेल्टच फिरवतो, त्यामुळे पंप गळला की पाणी थेट बेल्टवर येतं. कुलंट घट्ट, म्हणजे पाणी न मिसळलेलं असेल तर निम्मं कुलंट आणि निम्मं डिस्टिल्ड वॉटर घ्या. तयार मिसळलेलं असेल तर त्यात थेंबभरही पाणी घालू नका.

पाण्याहून वाईट ऑइल. कॅम किंवा क्रँकचं सील पाझरलं की ऑइलने रबर फुगतं, आतल्या काचतंतूंवरची त्याची पकड सुटते आणि दात उपटून निघतात. नुसतं सील बदलून भागेलच असं नाही. ब्रीदर (इंजिनातली वाफ बाहेर सोडणारी नळी) चोंदला असेल तर क्रँककेसमधला दाब नव्या सीलमधूनही ऑइल बाहेर ढकलतो, म्हणून तो आधी साफ करा. पाझरलेल्या ऑइलात काळ्या रानाची बारीक धूळ मिसळली की घासणारा लगदाच तयार होतो. म्हणून बेल्टचं खालचं कव्हर फुटलेलं असेल, किंवा दोनच बोल्टांवर लोंबकळत असेल, तर ते चालवून घेऊ नका.

स्प्रेचा सल्ला तर सरळ नुकसानीचा. दातेरी बेल्ट कोरडाच चालतो. स्प्रेने ओला झाला की धूळ धरतो. (इकोस्पोर्टच्या १.० इकोबूस्ट इंजिनात बेल्ट ऑइलमध्येच फिरतो. तो त्यासाठीच बनवलेला असतो, पण तिथे पुस्तकात दिलेल्या ग्रेडचंच ऑइल हवं.)

कमी चाललेली गाडी? रबर वर्षांनीही कडक होतं. पुस्तकात किलोमीटर आणि वर्षं असे दोन्ही आकडे असतील तर जो आधी येईल तो धरा. धुळीच्या रस्त्यांसाठी वेगळा तक्ता दिलेला असेल तर आपल्याला तोच लागू. पुस्तकात नसलेला ४० हजारांचा आकडा मात्र पाळायचं कारण नाही.

पुली आणि पंपाला लूट म्हणणं सगळ्यात महागात पडतं. टेन्शनर (बेल्टला ताण देणारी पुली) किंवा आयडलरचं (बेल्टला वाट देणारी पुली) बेअरिंग जाम झालं की नवा बेल्टही घासून, तापून तुटतो. आणि पंप वर्षभराने गळला तर तीच सगळी खोलाखोल पुन्हा. बेल्ट, टेन्शनर, आयडलर असा पूर्ण किट घ्या, आणि पंप बेल्टवर चालत असेल तर तोही.

बसवतानाही बेल्ट मरतो. तो मुडपला, उलटा केला किंवा स्क्रूड्रायव्हरने रेटून चढवला की आतले काचतंतू तुटतात आणि बाहेरून काहीच दिसत नाही. इंजिन थंड असावं, कॅम आणि क्रँक जागेवर धरणाऱ्या लॉकिंग पिना लावलेल्या असाव्यात, ताण पुस्तकाप्रमाणे असावा. मग पिना काढून क्रँक पान्याने, इंजिनाच्या फिरण्याच्याच दिशेने, पूर्ण २ फेरे फिरवून खुणा पुन्हा जुळवायच्या. ही शेवटची पायरी मिस्त्रीसमोर उभं राहून करून घ्या.

आवाजाची वाटही पाहू नका. सकाळी किंचाळतो तो बहुधा बाहेरचा फॅन बेल्ट. टायमिंग बेल्टला दात असतात, तो तसा घसरत नाही. बऱ्याचदा काही न सांगता तुटतो. घरघर ऐकू आली तर ती बेअरिंगची असू शकते, तेव्हा त्याच दिवशी वरचं कव्हर काढून टॉर्चने पाहा: ऑइलची चमक, वाळलेल्या कुलंटचा थर, उसवलेली कडा, दाताच्या बुडाशी चीर, रबराचा भुगा. यातलं काहीही दिसलं तर किलोमीटर मोजत बसू नका.

आणि चालती गाडी एकदम बंद पडली, सेल मारल्यावर इंजिन नेहमीपेक्षा हलकं फिरतंय असं वाटलं, तर दुसऱ्यांदा सेल मारू नका, ढकलूनही चालू करू नका. बहुतेक इंजिनांत बेल्ट तुटला की पिस्टन वॉल्व्हवर आदळतो. वाचलेले वॉल्व्ह त्या दुसऱ्या सेलमध्ये वाकू शकतात. न्यूट्रलमध्ये टाका आणि टोचन करून गॅरेजला न्या.