यंत्रापुढे म्हणे शुद्ध बोला

सोलापूरच्या आमच्या शाळासोबत्यांच्या व्हॉट्सअॅप गटात सिद्धेश्वर यात्रेपासून एकच वाद धुमसतो आहे. एका मित्राने टाइप करण्याचा कंटाळा म्हणून फोनला बोलून निरोप लिहवला. तो म्हणाला होता, 'मी गड्ड्यात जायलोय', म्हणजे यात्रेत भरणाऱ्या गड्ड्याच्या जत्रेला जातोय, आणि आम्हा सर्वांना पोहोचले ते 'मी खड्ड्यात जायला हवंय'. हसून सोडून देण्यासारखी गोष्ट होती. परंतु आता पुण्यात स्थायिक झालेल्या एका सहाध्यायाने निकाल दिला की, यात दोष फोनचा नसून सोलापूरकरांच्या जिभेचा आहे. कानडी-तेलुगूची भेसळ केलेली मराठी बोलाल, तर यंत्राने तरी काय करावे, आधी शुद्ध बोलायला शिका. गटातल्या बऱ्याच जणांनी त्यावर अंगठे उंचावले, त्यात सोलापुरातच राहणारेही होते. झुरिकच्या ट्राममध्ये उभ्याने हे वाचताना माझा जो तिळपापड झाला, तो अजून शमलेला नाही.

यंत्राला शुद्ध-अशुद्ध यांतले काही कळत नाही. फोन आपल्या आवाजाचे सेकंदाला साधारण १६ हजार नमुने घेतो, त्यांचे सुमारे २५ मिलीसेकंदांचे एकमेकांवर चढणारे तुकडे पाडतो आणि प्रत्येक तुकड्यात कोणत्या कंपनसंख्येला किती जोर आहे, याचा आलेख मांडतो. हजारो तासांच्या ध्वनिमुद्रणांवर तयार झालेले न्यूरल नेटवर्क त्या आलेखावरून कोणती अक्षरे संभवतात, याचा अंदाज करते. आणि अंदाज अडला की, पूर्वी वाचलेल्या मजकुरात कोणता शब्द कोणत्या शब्दाशेजारी अधिक वेळा आला होता, त्या सवयीने कौल दिला जातो. महाराष्ट्रात लिहिल्या गेलेल्या मराठीत 'गड्डा' किती वेळा येणार आणि 'खड्डा' किती वेळा, हे मी सांगायला नको. 'जायलोय' तर छापलेल्या मजकुरात जवळजवळ नाहीच. म्हणजे फोनने मित्राचे बोलणे तपासून नापास केले नाही. त्याने ते पूर्वी कधी ऐकलेलेच नव्हते.

जो आवाज शिकवला तोच ओळखायचा, ही या तंत्राची जन्मखोड आहे. १९५२ मध्ये बेल प्रयोगशाळेत तयार झालेले 'ऑड्री' हे यंत्र फक्त आकडे ओळखत असे, आणि तेही ज्याच्या आवाजाशी जुळवून ठेवले असेल त्याच्याच तोंडून नीट. सत्तर वर्षांनी, २०२२ मध्ये, ओपनएआयने 'व्हिस्पर' हे बोलणे लिहून देणारे यंत्र आणले, तेव्हा त्यामागे ६ लाख ८० हजार तासांचा ध्वनी होता. त्यातले इंग्रजीखेरीज ९६ भाषांच्या वाट्याला मिळून आलेले तास होते सुमारे १ लाख १७ हजार. २०२० मध्ये अमेरिकेतील एका अभ्यासात पाच बड्या कंपन्यांच्या प्रणाली तपासल्या, तेव्हा गोऱ्या वक्त्यांच्या बोलण्यात शब्दचुकांचे प्रमाण सरासरी १९ टक्के, तर कृष्णवर्णीयांच्या बोलण्यात ३५ टक्के निघाले. त्या अभ्यासकांनी कृष्णवर्णीयांना उच्चार सुधारण्याचा सल्ला दिला नाही, कंपन्यांना अधिक विविध आवाज गोळा करायला सांगितले.

आणि इथे स्वित्झर्लंडमध्ये तर पाहा. बर्न प्रांताच्या विधिमंडळात सदस्य खुशाल आपल्या बोलीत भाषण करतात आणि इतिवृत्त प्रमाण जर्मनमध्ये लिहिले जाते. संशोधकांनी त्याच भाषणांची आणि इतिवृत्तांची जोडी लावून यंत्राला बोली शिकवली. पुढे लोकांकडूनही आवाज मागवले. पडद्यावर प्रमाण जर्मन वाक्य दाखवायचे आणि बोलणाऱ्याने ते आपल्या घरच्या बोलीत म्हणायचे, अशी ती रीत होती. तिच्यातून २०० तासांचा संग्रह उभा राहिला. याउलट आपल्याकडच्या 'भाषिणी' या केंद्र सरकारच्या भाषातंत्रज्ञान प्रकल्पाच्या 'भाषादान' उपक्रमात मी हौसेने आवाज द्यायला बसलो, तर समोर आलेले वाक्य जसेच्या तसे वाचायचे होते. मी ते वाचले, अगदी आकाशवाणीवरच्या थाटात. असल्या दानातून सोलापूर कसे पोहोचणार? आयआयटी मद्रासच्या 'एआयफोरभारत' गटाने २०२४ मध्ये १४५ जिल्ह्यांतून ७,३४८ तासांचा संग्रह केला आणि त्यातला बहुतांश भाग उत्स्फूर्त बोलण्याचा ठेवला, हे मान्य केले पाहिजे. पण ते मान्य केल्याने माझा राग कमी होत नाही.

हे सगळे मी गटात लिहिले, तेव्हा पुणेकर सहाध्यायाने एका ओळीत उत्तर दिले: झुरिकच्या पगारावर बोलीचा अभिमान परवडतो. उत्तर झोंबले, कारण ते सगळे खोटे नाही. माझ्या क्रांकनकासेच्या, म्हणजे आरोग्य विमा कंपनीच्या, दूरध्वनीवरचे यंत्र माझे जर्मन दोनदा ऐकून तिसऱ्यांदा पुन्हा तोच प्रश्न विचारते आणि मी निमूटपणे इंग्रजीकडे वळतो. माझी मुलगी त्याच यंत्राशी झुरिकच्या बोलीत बोलून मोकळी होते. ज्या बोलीचे गोडवे मी वर गायिले, ती मला मिग्रो या किराणा दुकानाच्या काउंटरपलीकडे येत नाही. याहून अडचणीची गोष्ट अशी की, इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत कोणी विचारले, तर माझ्या तोंडून 'जातोय' येते. 'जायलोय' फक्त आईशी बोलताना उरले आहे. मला कोणी शुद्ध बोलायला सांगितले नव्हते. हा लेखही मी प्रमाण मराठीतच लिहितो आहे, आणि बर्नच्या इतिवृत्ताचा आधार घेऊन स्वतःला त्याची सूटही देतो आहे.

पण तेवढ्याने सहाध्यायी बरोबर ठरत नाही, कारण प्रश्न आता गमतीच्या निरोपांचा राहिलेला नाही. सर्वोच्च न्यायालयात २०२३ पासून घटनापीठापुढील युक्तिवादांचे लेखन यंत्राच्या मदतीने होऊ लागले. त्याच वर्षी आलेल्या 'किसान ई-मित्र'मध्ये शेतकरी सन्मान निधीच्या हप्त्याबद्दल बोलून विचारू शकतो. जिथे पुढे कारकून नसेल आणि फक्त आवाज ऐकणारे यंत्र असेल, तिथे सोलापूरच्या पूर्व भागातल्या, घरी तेलुगू आणि बाहेर मराठी बोलणाऱ्या विडी कामगार बाईने कोणती शिकवणी लावून यायचे?

म्हणून सोलापूरच्या एखाद्या महाविद्यालयाने हे काम अंगावर घ्यावे, असे मी गटात सुचवले आहे. ध्वनिमुद्रण बंद खोलीत करू नये. यंत्रमाग चालू असताना, त्या खडखडाटातच करावे, कारण शांततेत शिकलेले यंत्र कारखान्यात बहिरे होते. आणि लोकांच्या हाती वाचायला वाक्य देऊ नये. मार्केट यार्डात जावे आणि आज कांद्याला काय भाव मिळाला, एवढेच विचारावे. त्याचे उत्तर प्रमाण मराठीत देणारा शेतकरी तिथे शोधूनही सापडायचा नाही.