ब्राझीलच्या पांढऱ्या जर्सीबद्दल खुलासा

कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमच्या गॅलरीपासून पेठेतल्या ग्रुपपर्यंत एक मेसेज फिरतोय: 1950 च्या फुटबॉल वर्ल्ड कपात उरुग्वेकडून हरल्यावर ब्राझीलनं पांढरी जर्सी त्याच दिवशी टाकली, पुन्हा कधी घातली नाही. यातलं निम्मंच खरं आहे.

16 जुलै 1950 ला माराकाना स्टेडियमवर ब्राझील 2-1 नं हरला, हे खरं. अंगात पांढरी जर्सी होती, कॉलर निळी. लोकांनी तिला अपशकुनी ठरवलं. पण 1952 मध्ये चिलीत ब्राझीलनं स्पर्धा जिंकली ती पांढऱ्यातच! पिवळी आली 1954 ला. त्याआधी एका वर्तमानपत्रानं नव्या जर्सीच्या डिझाइनची स्पर्धा लावली होती, अट एकच: झेंड्याचे चारही रंग हवेत. जिंकला आल्दिर श्ली, वय फक्त 19. पिवळा शर्ट, हिरवी कॉलर, निळी चड्डी, पांढरे मोजे. उरुग्वेच्या सीमेवरच्या गावचा हा पोरगा मनानं उरुग्वेचाच चाहता होता, बघा.

आणि 2019 च्या कोपा अमेरिकेत (दक्षिण अमेरिकेतल्या देशांची फुटबॉल स्पर्धा) बोलिव्हियाविरुद्ध ब्राझील पुन्हा पांढऱ्यात उतरला, 3-0 नं जिंकला. तेव्हा भावांनो, त्या जर्सीला पनवती म्हणू नका, आणि मेसेज पुढं ढकलू नका.