साबणाचं पाणी आभाळात मारून पाऊस पडत नाही, दाजी

परवा घरच्या ग्रुपवर दाजींनी एक मेसेज टाकला, तोच संध्याकाळपर्यंत द्राक्षवाल्यांच्या दोन ग्रुपवर आला आणि दुसऱ्या दिवशी कवठेमहांकाळच्या मावशीनं पण पाठवला. मेसेज असा: साबणानं पाण्याचा ताण कमी होतो, ताण कमी झाला की ढगातले थेंब पटापट बनतात, जास्त थेंब म्हणजे जास्त पाऊस, तर 200 लिटर पाण्यात 2 किलो धुण्याची पावडर टाकून संध्याकाळी ब्लोअरनं (बागेत फवारणी करायच्या यंत्रानं) आभाळाकडं मारा, तीन दिवसांत पाऊस, शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय. मी कॉलेजला केमिस्ट्री शिकवते आणि माहेर तासगाव भागातलं, बागेतच वाढले, त्यामुळं हे गप्प बसून बघवत नाही.

पहिलं वाक्य खरं आहे, ते मी मान्यच करते. फवारणीत आपण स्टिकर-स्प्रेडर टाकतो ते कशासाठी? नुसत्या पाण्याचा थेंब पानावर गोळी होऊन घरंगळतो, स्प्रेडर टाकला की पसरतो. पाण्याचा पृष्ठताण, म्हणजे पृष्ठभागाची आकसून राहायची ओढ, साधारण 72 युनिट असतो, साबणानं तो 30 च्या आसपास येतो.

दुसरं वाक्य, ताण कमी म्हणजे थेंब पटापट, यात अर्धं खरं आहे आणि म्हणूनच माणूस फसतो. थेंब जितका बारीक तितका त्याचा पृष्ठभाग जास्त वळलेला, तेवढं त्यातलं पाणी लवकर उडून जातं, म्हणून नुसत्या वाफेतून थेंब बनतच नाही, त्याला मिठाचा, धुळीचा, धुराचा कण लागतो, साधारण 0.1 मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), आणि हवेत 100 टक्क्यांपेक्षा किंचित जास्त ओल लागते. हे गणित स्वीडनच्या कोलर यांनी 1936 साली मांडलं. त्या गणितात ताण निम्मा केला तर लागणारी जादा ओल जवळपास एक तृतीयांशावर येते, कागदावर फार मोठा फरक दिसतो. 1999 साली इटलीतल्या पो नदीच्या खोऱ्यातल्या धुक्याचं पाणी तपासलं तेव्हा त्यात खरंच असे ताण कमी करणारे पदार्थ सापडले, म्हणजे शास्त्रज्ञ यावर काम करतात हे खोटं नाही.

पण साबण राहतो कुठं, तर थेंबाच्या कातडीवर. बादलीत पाणी भरपूर आणि पृष्ठभाग थोडा, म्हणून चिमूटभर पावडर पुरते, इवल्याशा थेंबात मात्र उलटं, पृष्ठभागच इतका जास्त की सगळा साबण तिथंच खपतो. आणि थेंब वाढला की? 0.1 मायक्रॉनचा 1 मायक्रॉन झाला तर पृष्ठभाग 100 पट होतो, साबण मात्र तेवढाच, मग तो थर विरळ होतो, फाटतो आणि ताण परत पाण्याच्या जवळ जातो. काही अतिबारीक कणांवर सेंद्रिय थर टिकून थेंब होणं सोपं जातं, असं 2017 साली आयर्लंडच्या किनाऱ्यावरच्या मोजमापातून पुढं आलंय, पण तो थर निसर्गातल्या पदार्थांचा, आणि बोलणं आहे थेंब सुरू होण्याचं, पाऊस पडण्याचं नाही.

इथंच तिसरं वाक्य साफ कोसळतं. ढगाचा थेंब 10 मायक्रॉन त्रिज्येचा, पावसाचा थेंब साधारण 1 मिलिमीटर त्रिज्येचा, म्हणजे एका पावसाच्या थेंबासाठी ढगाचे दहा लाख थेंब एकमेकांत मिसळावे लागतात. पाणी तेवढंच आणि थेंब जास्त केले तर प्रत्येकाच्या वाट्याला कमी येतं, सगळे बारीक राहतात, बारीक थेंब एकमेकांवर आदळत नाहीत आणि हवेतच तरंगत राहतात. म्हणजे मेसेजमधलं सगळं खरं धरलं तरी पाऊस वाढण्याऐवजी कमी होण्याचीच शक्यता जास्त!

आणि मुळात तुटवडा थेंबाच्या बीजाचा नाहीच, हवेत कण ढिगानं आहेत. एक किलोमीटर लांब-रुंद-उंच ढगात साधारण पाच लाख लिटर पाणी असतं, ऐकायला मोठं वाटतं, पण तेवढं सगळं खाली सांडलं तरी खालच्या रानावर अर्धा मिलिमीटरच पडेल. पाऊस येतो तो सारखी ओली हवा येत राहून वर चढत राहते म्हणून. महाबळेश्वरला घाटावर वर्षाला 5000 मिलिमीटरच्या वर पडतो आणि तीच हवा डोंगर उतरून माण, आटपाडीकडं येते तेव्हा कोरडी झालेली असते, तिथं 500 च्या आसपास. तिथं साबण काय करणार?

ब्लोअरचं तर सांगायलाच नको. आपला थेंब 100 मायक्रॉन नाहीतर त्याहून मोठा, तो सेकंदाला पाव मीटरनं खाली येतो, म्हणजे पाच मीटर वर गेला तरी वीस सेकंदात परत आपल्याच बागेत. ढगाचा तळ त्याच्या कितीतरी वर. आणि धुण्याच्या पावडरीत सोडा असतो, कोवळ्या फुटीवर पडला तर पानं करपतात, उरलेलं विहिरीत झिरपतं.

दाजी म्हणाले, शेजारच्या गावानं मारलं आणि तिसऱ्या दिवशी पाऊस झाला. झाला ना, पण त्याच दिवशी आमच्याकडं पण झाला, इथं कुणी काही मारलं नव्हतं. मे महिन्यातला वळीव आहे हा.

मग त्यांनी विचारलं, सोलापूरला विमानानं मारलं ते काय होतं? ते खरं आहे. पुण्याच्या आयआयटीएमनं (भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनं) 2018 आणि 2019 च्या पावसाळ्यात तिथं प्रयोग केले, पण ते ओल ओढून घेणाऱ्या क्षाराचे कण होते, विमानानं ढगाच्या जवळ जाऊन सोडलेले, आणि आधी ढग असेल तरच. याच संस्थेची ढगांची प्रयोगशाळा आपल्या सातारा जिल्ह्यातच महाबळेश्वरला 2012 पासून आहे, ढगातले थेंब आणि कण तिथं मोजतात.

दाजी, तुम्ही ड्रम भरून ठेवलाय असं ताई म्हणाली. ते पाणी बागेत सोडू नका, विहिरीजवळ तर नकोच, धुण्याला वापरा आणि ब्लोअरची टाकी दोनदा साध्या पाण्यानं धुवून घ्या.